भोपळ्याचा मालक कोण

झुंबरबाई चौगल्याची लई रागीट, असं सगळं गाव म्हणतं. म्हणू दे. पण तिला राग कशानं आला, ते कोण इचारत न्हाय. म्हणून हे नीट लिवून घे, बाळा.

गडहिंग्लजच्या अलीकडचं गाव. शहाण्णव साल. यात्रेला पंचायतीच्या पटांगणात पहिल्यांदाच भाजीचं प्रदर्शन भरणार, असं देवळाच्या भोंग्यावरनं सांगितलं. भाजी घरच्या परड्यातली पायजे, रासायनिक खताचा कणसुद्धा नको, अशी अट.

झुंबरबाईनं तवाच मनात धरलं. तिच्या परड्यात उकिरड्याच्या कडंला तांबड्या भोपळ्याचा येल हुता. न्हाणीचं पाणी तिकडंच काढून दिल्यालं. बाई उजाडायच्या आत उठायची, नर फूल तोडायची आणि मादी फुलावर हळूच घासायची. येलावर एकच फळ ठेवलं, बाकीची कवळी फळं खुडून कालवणात घातली. भुईला लागून कुजू नये म्हणून भोपळ्याखाली भाताची पिंजर अंथरली. आणि नवरा, पिराजी? त्यानं त्या येलाकडं एकदाच बघितलं, पाय अडकून पडला तवा. म्हणाला, "उपटून टाक ही भानगड."

भोपळा भरला बावीस किलो.

नोंदीच्या दिवशी चुंबळीवर भोपळा घेऊन ती गेली, संगट शेजारची बयाबाई. टेबलामागं कमिटीचा गणपतराव वही उघडून बसल्याला. मान वर न करता म्हणाला, "मालकाचं नाव सांगा."

आता आपल्यात बाई मालक कुणाला म्हणती? नवऱ्याला. आणि नवऱ्याचं नाव तोंडानं घेती व्हय? झुंबरबाईनं पदर तोंडाला लावला आणि बयाबाईला कोपर मारलं. बयाबाई म्हणाली, "पिराजी आप्पा चौगले." गणपतरावानं लिवलं. झुंबरबाईला वाटलं, आता आपलं इचारंल. तो म्हणाला, "फुडं सरका."

यात्रेदिवशी भोंग्यावर पुकारा झाला, "भोपळा, पहिला नंबर, पिराजी आप्पा चौगले."

पिराजी पानाच्या टपरीवर हुता. तिथनंच "आलो, आलो" करत पळाला. नाव चुकून लागलं, मान्य. पण तोंड हुतं की त्याला. बायकोचा हाय, एवढं म्हणायला किती येळ लागतोय? पण म्हणाला न्हाय. फेटा बांधून घेतला. भोपळ्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. वर माईक धरून म्हणतो कसा, "चार म्हैनं राबलो, मंडळी."

बायकांत बसल्याल्या झुंबरबाईची कानशिलं तापली. उठली ती सरळ गणपतरावाफुडं.

"माझा भोपळा त्यांच्या नावानं कसा?"

"तुम्हीच सांगितलासा की वैनी. मालक, पिराजी."

"मी माझं मालक सांगितलं. भोपळ्याचं न्हवं."

गणपतराव हसला. "दोन्ही एकच की वो."

त्या हसण्यानं तिचं डोकं फिरलं. "एकच वाटणार की तुम्हाला. डेअरीच्या कार्डावर नाव तुमचं, आणि धार काढाय, शेण काढाय बायको."

तेवढ्यात शेतकी खात्यातनं तपासणीला आल्यालं सायेब पिराजीला इचारत हुतं, "एवढा मोठा कसा केला?"

पिराजी छाती फुगवून म्हणाला, "दोन वंजळ युरिया टाकला."

सायबाचं तोंड उतरलं. "मग तुमचा नंबर रद्द करावा लागेल."

झुंबरबाई टेबलावर चढायची तेवढी राहिली. "कवा टाकला युरिया? अवो, येल कुठल्या अंगाला हाय ते तरी ठावं हाय का तुम्हाला?"

"घरात बोलू," पिराजी हळू म्हणाला.

"घरात न्हाय. खोटं हितं बोललासा, खरं बी हितंच बोला." मग सायबाकडं वळली. "ह्येला शेणखत आणि न्हाणीचं पाणी. दुसरं काय बी न्हाय. आणि रोज पहाटे नर फूल मादीवर घासायचं, माझ्या आईनं दावल्यालं. ह्यांना इचारा, नर फूल कसं वळखायचं."

सायबानं खरंच इचारलं. पिराजी फेट्याचा शेमला हातात धरून उभा. शेवटाला म्हणाला, "तिचाच हाय."

सायबानं नंबर कायम ठेवला, वहीतलं नाव खोडून झुंबरबाईचं लिवलं. पण बक्षिसाच्या दाखल्यावर सही-शिक्का आधीच झाल्याला, पिराजीच्या नावानं, आणि दुसरा कोरा न्हवता. फोटो बी तोच. गणपतराव म्हणाला, "जाऊ द्या वैनी, घरातच आलं की." तिनं भोपळा उचलला, कुणाचा हात लागू दिला न्हाय आणि घरला गेली.

पिराजीनं तो फोटो सोप्यात लावला. तिनं काढला न्हाय. म्हणाली, "काढला तर ह्ये इसरतील."

बारा वर्षं झाली आता. पावणं येत्यात, भिंतीकडं बघून म्हणत्यात, "पिराजीराव, भोपळा झकास पिकवलासा." आतनं झुंबरबाईचा आवाज येतो, "अवो, सांगा."

पिराजी सांगतो, "माझा न्हवं, हिचा."

पावण्याला नीट ऐकू गेलं न्हाय, तर ती परत म्हणायला लावती. तवर चुलीवर चहाचं आधण चढत न्हाय.