बसवंतअण्णाचं ‘फर्स्टक्लास’

बसवंत कंग्राळकरला “कसं आहे?” असं कुणीही, कधीही विचारा, उत्तर ठरलेलं: “एकदम फर्स्टक्लास!” बेळगावचा हा गडी बंगळुरात सरकारी बसवर ड्रायव्हर म्हणून लागला त्याला जमाना झाला. बेळ्ळंदूरच्या रिंगरोडवर ट्रॅफिकमध्ये भल्याभल्यांची डोकी फिरतात, तिथे हा मजेत शीळ घालत बस हाकायचा. अधूनमधून ड्रायव्हरांची वैद्यकीय तपासणी व्हायची. तिथे कुणी “जरा चक्कर येते” म्हणालाच तर त्याचं स्टिअरिंग सुटलं म्हणून समजा. मग डेपोत कागद चाळत बसायचं. म्हणून तपासणीला सगळी ड्रायव्हर मंडळी ठणठणीत असायची. अंगात ताप असला तरी ठणठणीत! आणि या विद्येत बसवंत सगळ्यांचा गुरू होता.

अशात त्याच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, आणि उरलंसुरलं मूळ जाळायला रेडिओथेरपी सुरू झाली. घरात तिला ‘करंट’ हे नाव पडलं. रोज सकाळी बसवनगुडीच्या घरून रिक्षाने हॉस्पिटल गाठायचं, मशीनखाली गुमान पडून राहायचं आणि परत यायचं. दुखत काहीच नव्हतं. बसवंत खूश!

“ही तर ट्रिपच की,” तो बायकोला म्हणाला. “ट्रिपा संपल्या की मी परत गाडीवर, यल्लव्वा.”

पण थोड्याच दिवसांत पोट ढवळायला लागलं. ज्याने जन्मभर खिडकीबाहेर माना काढणाऱ्या पॅसेंजरांची थट्टा केली, त्यालाच आता ओकारी! तरुणपणी तो आंबोली घाटात खासगी गाडी चालवायचा. तेव्हा तो सगळ्यांना बजावायचा, की घाट लागायच्या आधी कुणी काही खायचं नाही. पोटात नसेल तर बाहेर काय येणार? तोच नियम त्याने करंटला लावला. सकाळपासून उपाशीच निघायचा. तरी यायचं ते यायचंच, नुसतं कडू पाणी. घरी आला की मोरीत नळ मोठा सोडून तो ओकून घ्यायचा, आणि मिशा पुसत बाहेर येऊन म्हणायचा, “फर्स्टक्लास!” वर यल्लव्वाने हौसेनं केलेलं लसणाच्या फोडणीचं पिठलं समोर आलं की चार घास चिवडून, भूक नाही म्हणून उठायचा.

दर आठवड्याला डॉक्टर प्रांजली त्याला तपासायची. मुलगी पुण्याची, वयानं लहान, बोलायला लाघवी.

“काका, मळमळ? उलटी? जेवण जातंय ना नीट?”

“फर्स्टक्लास, डॉक्टरबाई!”

ती कॉम्प्युटरवर टकटक करायची आणि बसवंत चोरून पडद्याकडे बघायचा. खरं बोललो तर ते तिथे लिहिलं जाणार, डेपोत पोचणार आणि आपली गाडी जाणार, असं त्याने मनाशी पक्कं धरलं होतं.

माणूस कितीही थापा मारील, वजनकाट्याला ती कला येत नाही. एका शुक्रवारी काटा चांगला खाली उतरला. पोटावर शाईने काढलेल्या खुणाही मशीनशी जेमतेमच जुळल्या. प्रांजलीचा चेहरा गंभीर झाला.

“काका, मशीनचं सगळं गणित तुमच्या आधीच्या अंगावर बेतलंय. असेच उतरत गेलात तर ट्रीटमेंट थांबवून पुन्हा स्कॅन करावं लागेल. मधे खंड पडणं तुमच्यासाठी अजिबात चांगलं नाही. सोमवारी परत वजन बघू. नक्की काय होतंय?”

बसवंतने तोंड उघडलं. ‘फर्स्ट’ जिभेवर आलंच होतं. शेजारी बसलेली यल्लव्वा हळूच म्हणाली, “तुम्ही सांगताय का मी सांगू? आठ दिवस झाले, नळ ऐकूलालीय मी.”

झालं! धरण फुटलं. मोरी, नळ, आंबोली घाट, उपास, डेपोची तपासणी, सगळं बाहेर आलं. कधीकाळी इलेक्शन ड्युटीला लपवलेला तापसुद्धा त्याने कबूल केला. प्रांजलीला हसू आवरेना.

“अहो, डेपोला मी कशाला सांगू? तुम्हाला परत गाडीवर बसायचंय ना? मग मला तरी खरं सांगा!”

बसवंतला एकदम हलकं वाटलं. इतके दिवस तो भलत्याच माणसाला भीत होता.

मळमळ थांबवायची गोळी मिळाली, ती करंटच्या आधी घ्यायची. उपाशी यायचं नाही. थोडं कोरडं काहीतरी खाऊन यायचं. एकदम ताटभर जेवायचं नाही, थोडं थोडं, पण दिवसभर. तिखट-तळलेलं बंद. गरम अन्नाला वास फार, तेव्हा गार करून खायचं. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, आणि थकवा आला तर लाज न बाळगता विश्रांती घ्यायची.

सोमवारच्या वजनाची बातमी गल्लीभर झाली आणि एकच धांदल उडाली! वरच्या मजल्यावरची भाग्यलक्ष्मी लगोलग काढा घेऊन हजर.

“डॉक्टरला विचारल्याशिवाय न्हाई, अक्का,” यल्लव्वाने हात जोडले. “पण ह्यांना फोडणीचा वास सोसंना, तुमची चूल देता का?”

“सरी सरी, या की!”

त्या दिवसापासून फोडणी वर आणि नवरा खाली, अशी व्यवस्था लागली. अन्न निवून जिन्याने खाली यायचं: गार दहीभात, मऊ इडली, मुगाची पातळ खिचडी. बसवनगुडीत शेंगांची परिषे, म्हणजे जत्रा, भरली होती. रविवारी भल्या सकाळी, भज्यांच्या कढया तापायच्या आत, यल्लव्वा तिथून कडलेपुरीची मोठी पिशवी घेऊन आली. चुरमुरे आणि फुटाणे, साधे, कोरडे! बसवंतने भीत भीत चार दाणे तोंडात टाकले. वाट पाहिली. पोट गप्प! आणखी मूठभर टाकले.

“राहिलं गं!” तो ओरडला. यल्लव्वा पदराने डोळे टिपत हसत सुटली.

सोमवार उजाडला. भाग्यलक्ष्मीने देवापुढे दिवा लावला. हॉस्पिटलात बसवंत काट्यावर चढला आणि काटा शुक्रवारपेक्षा वर! यल्लव्वाने टाळीच वाजवली. बसवंत मात्र खाली उतरला. विजारीच्या खिशातून त्याने घरून मुद्दाम आणलेला किल्ल्यांचा भलामोठा जुडगा काढला, मोबाईल काढला, चिल्लर काढली, सगळं टेबलावर ठेवलं आणि पुन्हा काट्यावर चढला.

काटा थोडा खाली आला आणि थांबला. शुक्रवारी होता तिथेच. एक काडीही कमी नाही!

“थांबलं उतरणं! जुळतील खुणा,” प्रांजली आनंदाने म्हणाली. “आज मशीन चालू. आता सांगा, कसं आहे?”

बसवंतने सवयीने छाती फुगवली. मग सोडली.

“काल एकदा उलटी झाली, डॉक्टरबाई. आता स्वल्प मळमळ आहे. आणि…” तो अडखळला. “मला भीती वाटते.”

उभ्या संसारात यल्लव्वाने त्याच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. सगळ्यांच्या देखत तिने त्याचा हात धरला, आणि मशीनच्या दारापर्यंत सोडला नाही.