डाव्या खांद्यावरचा पदर

"अक्का, स्वल्प, जरा बाजूला हो. तुझ्या अंगावर साडी नीट पडत नाही."

मालक गिऱ्हाइकांसमोर बोलला. बंगळुरातल्या चिकपेटमधलं लग्नाच्या साड्यांचं दुकान. समोर नवरी, तिची आई, दोन मावश्या. माझ्या खांद्यावर मोरपंखी रेशमी साडी. साडी अंगावर टाकून दाखवायची, हेच माझं अकरा वर्षांचं काम. पदर येतो डाव्या खांद्यावर. डावा स्तन कॅन्सरनं नेला. त्या जागी मी ब्लाउजमध्ये कापूस कोंबला होता. तो घसरून पोटाशी आला. सगळ्यांनी पाहिलं. नवरीनं मान फिरवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मालक आमच्यातलाच, घरी मराठी बोलणारा. संध्याकाळी गोड आवाजात म्हणाला, "हल्ली डॉक्टर नवीन बसवून देतात म्हणे. बसवून घे, मग खाली ये. तोवर वर गोदामात. सरी? चालेल ना?"

मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आजही चीड येते.

दुसऱ्या दिवशी माझ्या जागी बाईचा पुतळा आला. त्याला डोकं नव्हतं. छाती मात्र दोन्हीकडे भरलेली. रोज सकाळी त्याला साडी मीच नेसवायची, मग दिवसभर वर घड्या घालत बसायचं. मध्येच डावीकडे खाज सुटायची, जिथे काहीच उरलेलं नाही तिथे. हात जायचा आणि फासळ्यांवर पडायचा. आंघोळीला मी दिवा लावेनाशी झाले. डोळे मिटले की तो पुतळा दिसायचा, माझा ब्लाउज घातलेला. तपासणीला गेले की डॉक्टरीणबाई विचारायच्या, "तुम्हाला स्वतःला काय हवंय?" मला सांगता यायचं नाही. मालकाला काय हवंय तेवढं पाठ होतं.

एकदा मी पुतळ्याच्या निऱ्या सारख्या करत होते. एका बाईनं विचारलं, "ही नेसल्यावर जड होते का हो?"

पुतळा काय सांगणार? मी म्हटलं, "पदर जड आहे. थांबा, दाखवते."

गोदामात कोण बघतंय म्हणून कापूस घालणं मी कधीच सोडलं होतं. तशीच उभी राहिले. पुतळ्यावरचा पदर ओढून सपाट छातीवरून खांद्यावर टाकला.

"अक्का, वर जा," मालक म्हणाला.

"नाही."

"गिऱ्हाईक बघतंय."

"बघू दे."

बाई साडी न घेताच उठून गेली. मी हलले नाही.

स्तन बसवायचा की नाही, ते अजून ठरलेलं नाही. भीती गेलेली नाही, खाजही नाही. ठरवेन तेव्हा मी ठरवेन. काउंटर मात्र सोडणार नाही. मला काढायचंच असेल तर मालकानं भर दुकानात, सगळ्यांच्या देखत, कारण मोठ्यानं सांगून काढावं.