लंडनच्या पायरीवरचं गाऱ्हाणं

"मागसून व्हय म्हाराजा म्हणशीत मां रे?"

दारावर दोन टकटका आणि हा प्रश्न. बेकरीतली पाळी संपवून मी बूट काढत असायचो, पाय भरून आलेले. दारात रेडी गावचे अण्णा. धोतरावर मुलाचा ओव्हरकोट, हातात नारळ.

लंडनला मला खोली दिली ती त्यांच्याच मुलाने. मी आठवीतून शाळा सोडलेला, कुडाळकडचा. आपल्या मुलखातला एवढ्याच ओळखीवर त्याने मला ठेवून घेतलं. ते उपकार मी विसरलो नाही, आणि खोली जाईल ही धास्तीही कधी सुटली नाही.

अण्णा तीन महिन्यांसाठी बोटीने, वाटभर ओकत आले होते, गोरी सून बघायला. पहिल्याच सोमवारी त्यांनी घराच्या पायरीवर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. एकाने देवाला मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी वाक्यावाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही आपली रीत तुम्हांला ठाऊकच आहे. बाकीचे म्हणजे मी एकटा. शेजारची म्हातारी घाबरून बाहेर आली. मुलाने तिला सांगितलं, वडील पायरी धुतायत. अण्णांनी तिच्या हातावर खोबरं ठेवलं. संध्याकाळी ती केकचा तुकडा घेऊन आली.

"देवान आयकल्यान," अण्णा म्हणाले.

मग दर सोमवारी नारळ. तिथला नारळ सुका, आत पाण्याचा थेंब नाही. अण्णा तो कानाशी हलवायचे. "ह्येका पण बोट लागली. सगळा भायर काडल्यान."

एकदा मुलाने मला जिन्यात गाठलं. मी साथ देतो म्हणून वडिलांना चेव येतो, शेजाऱ्यांत तोंड दाखवायला जागा उरली नाही, असं तो हळू आवाजात बोलला. मी मान डोलावली.

पुढच्या सोमवारी टकटक झाली. मी बूट हातात धरून गप्प बसून राहिलो.

"पोरगो दमलो आसतलो," असं पुटपुटत अण्णा खाली गेले.

थोड्या वेळाने पायरीवरून आवाज आला. "बा देवा म्हाराजा, ह्या परमुलखात माझी पोरां आसत..." मग आवाज बारीक करून त्यांनीच म्हटलं, "व्हय म्हाराजा."

मला बसवेना. जिन्यात आलो तोवर पुढचं वाक्य झालं होतं, "तेंका सांबाळून घे," आणि होकार आला तो बाईच्या आवाजात. शब्दांची पार मोडतोड झालेली. सून पिठाचे हात तसेच जोडून सासऱ्यामागे उभी होती. अण्णांनी वळून पाहिलं नाही. पुढचं वाक्य मात्र मोठ्या आवाजात म्हटलं.

ठरल्या बोटीने ते परत गेले. निघताना मला म्हणाले, "झोप पुरी घी रे." एवढंच.

पुढच्या वर्षी तार आली, वडील अत्यवस्थ आहेत म्हणून. मुलाला रजा मिळेना, बोटीला तीन आठवडे लागणार.

त्या दुपारी दारावर दोन टकटका झाल्या. दारात सून, हातात नारळ, मागे मुलगा. गाऱ्हाण्याचे शब्द दोघांनाही येत नव्हते. आम्ही पायरीवर उभे राहिलो. शेजारची म्हातारी दारात आली; या वेळी तिला कुणी काही सांगितलं नाही.

मी "बा देवा म्हाराजा" म्हटलं आणि पुढचं सुचेना.

"व्हय म्हाराजा," मुलगा ओरडला, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा.