न पिणाऱ्याचं लिव्हर

पित्ताशयात खडे आहेत का, हे बघायला सोनोग्राफी केली. खडे निघाले नाहीत. निघालं फॅटी लिव्हर, दुसऱ्या ग्रेडचं. डॉक्टरीणबाईंचा पहिला प्रश्न, "सर, ड्रिंक्स?"

सदुसष्ट वर्षांत मी थेंबाला शिवलेलो नाही, त्यामुळे आधी रागच आला. पण हा प्रश्न आमच्या घरात जुना आहे. संरक्षण खात्याच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी वडील नागपूरहून इथे चेन्नईला आले आणि साठीतच पोटात पाणी होऊन गेले. लिव्हर गेलं म्हणजे दारूच, अशी कुजबुज ते आजारी असतानाच होती; ते नाही म्हणत राहिले, आणि नातेवाइकांनी तेराव्याला निकालच दिला. आठवड्यातून तीन उपास करणारा माणूस चोरून पीत असणार म्हणे! खरं सांगतो, मीही ते मानलं होतं. आई त्यावर कधी एक अक्षर बोलली नाही.

"पिणं नाही, मग खाणं सांगा," बाई म्हणाल्या. मी ताठ बसून सांगितलं, वडिलांसारखेच माझेही आठवड्याला तीन उपास. त्या काळजीत पडल्या. या वयात इतकं उपाशी राहू नका म्हणाल्या. मग सहज विचारलं, "त्या दिवशी काहीच घेत नाही?"

"घेतो की. साबुदाण्याची, म्हणजे तुमच्या जव्वरिसीची खिचडी, तुपातली. बटाटा, रताळ्याचा गोड कीस, दाण्याचा लाडू. संध्याकाळी साखर घालून दूध."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सर, आमच्याकडे लग्नात एवढं वाढतात!"

एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण मी आजवर दुसऱ्यांनाच ऐकवत आलो होतो.

रक्तात साखरही सापडली. मग बरगड्यांवर टिचक्या मारणारं एक यंत्र लावून लिव्हर किती घट्ट झालंय ते मोजलं. मला भारी गंमत वाटत होती. हा आकडा कशाचा, तो कशाचा, असं विचारून मी त्यांना भंडावलं. थोडं घट्ट झालंय, पण अजून सुधारता येईल, असं निघालं. वजन उतरवायचं, पण सावकाश; म्हातारपणी घाईनं वाळलं की चरबीआधी स्नायूच जातात. साबुदाणा बंद, डाळ आणि दही वाढवायचं, रोज चालायचं, हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन व्यायाम करायचा.

निघताना मी खरा प्रश्न विचारला. "थेंबभरही न पिता हे पोटात पाणी होण्यापर्यंत जाऊ शकतं?"

"काही जणांचं जातं. साखर असेल तर धोका जास्त."

वडिलांना साखर होती. बाई म्हणाल्या, न तपासलेल्या माणसाबद्दल मी शपथ घेणार नाही, पण दारूच होती असं कुणीही म्हणू शकत नाही. मी रिक्षात बसलो. इतकी वर्षं मी कुणाच्या सांगण्यावरून बापाला खोटं ठरवलं होतं?

आई एकोणनव्वदची आहे. ती भाजी निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं; तिनं पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"म्हणजे ते खरं बोलत होते?"

"बोलत असतील, आई."

तिनं ताट बाजूला सारलं. "शेवटच्या आठवड्यात माझा हात धरून म्हणाले होते, तू तरी म्हण, मी प्यायलो नाही."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हणाले, झोपा आता."