उघड्या बॉनेटच्या पलीकडे

या ग्रुपवरचे बाकीचे अनुभव मी वाचते, पण खरं सांगू का, निम्म्या वेळा हसते. पिंपळाखाली बाई दिसली, मागून कोणीतरी हाक मारली... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. टेंभी नाक्याच्या देवीलासुद्धा मी सांगते, आधी काम होऊ दे, मग ओटी. उधारी नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच विचित्र वाटतंय.

माझं वागळे इस्टेटमध्ये क्लच आणि ब्रेकच्या पार्ट्सचं दुकान आहे. कोणी दिलेलं नाही. डोंबिवलीहून पिशवीत रबरी सील घेऊन मी गॅरेज-गॅरेज फिरलेय. बाई बघून लोक भाव पाडायचे, मी चढवायचे. भांडकुदळ म्हणून माझं नाव आहे, आणि तेही मी स्वतःच कमावलंय.

त्या फिरतीच्या दिवसांत सुधीर हे एकच गिऱ्हाईक असं, ज्याने भाव केला नाही. सांगितली ती किंमत दिली, थँक्यू म्हणाला आणि गेला. मला वाटलं नोट खोटी असणार. उजेडात धरून बघितली. पुढे त्याच्याशीच लग्न केलं.

तो कंपनीत सुपरवायझर होता, पण जीव सगळा गाडीत. जुनी पांढरी सेडान. वरून साधी, आत टर्बो, जड क्लच प्लेट. कोपरीच्या घरी सासूबाई तिला 'तुझी सवत' म्हणायच्या. सवत तर सवत, पण आम्हा नवराबायकोचं खरं बोलणं तिच्याचमुळे झालं.

कसं ते सांगते. क्लचच्या तेलात हवा शिरली की ती काढावी लागते. गॅरेजात म्हणतात, 'एअर काढायची'. हे दोघांचं काम. एकाने सीटवर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने बॉनेट उघडून गिअरबॉक्सजवळचा छोटा नट पान्याने सैल करायचा. नट सुटला की हवा आणि तेल बाहेर येतं आणि पेडल पायाखाली हळूच खाली बसतं. नट आवळला की मग पाय उचलायचा. सीटवर मी, नटाशी तो. मध्ये उघडं बॉनेट, त्यामुळे तोंडं दिसत नाहीत. काय काय बोललोय आम्ही तसं... मूल होत नव्हतं ते, सासूबाईंचं आजारपण, दुकान घ्यायचं की नाही. जेवायला समोरासमोर बसून जे तोंडातून निघालं नसतं, ते सगळं.

"धरलंस?"

"धरलंय. डॉक्टर काय म्हणाले ते सांग."

"सोड."

"विषय सोडू की पाय?"

"आधी पाय गं बाई!"

दोन वर्षांपूर्वी कंपनीतच त्याच्या छातीत दुखलं. फोन माझ्या दिराला गेला. दिराने परस्पर ठरवलं, वहिनी घाबरेल, तिला नंतर सांगू. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा चादर तोंडावरून ओढलेली होती. एक शब्द बोलायला मिळाला नाही. आणि तेरावं व्हायच्या आत दिराने गाडी विकली. कागदावर ती दिराच्याच नावावर होती, म्हणून विचारायची गरज वाटली नाही.

"वहिनी, तुम्ही काय चालवणार होतात ती?"

"ते मी ठरवलं असतं."

"दारात उभी दिसली असती तर तुम्हालाच त्रास झाला असता..."

"माझा त्रास माझा होता, भाऊजी. तोही विकलात?"

त्या दिवसापासून मी दिराच्या घरात पाणी पीत नाही.

गाडी शोधून काढायला वेळ लागला. डोंबिवलीत, एमआयडीसीच्या बंगल्यांकडे, एका आयटीवाल्याच्या गेटमध्ये ती उभी होती. मी सरळ बेल वाजवली. मी कोण ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भाव चढला असता.

"काकी, विकायची नाहीये," तो म्हणाला.

"काकी कोणाला म्हणतोस? केस पांढरे तुझे आहेत. चावी दे, चालवून बघते."

एक चक्कर मारली. क्लच अगदी वर, पायाचं वजन पडायच्या आत पकडत होता.

"रेसिंग सेटिंग आहे," तो अभिमानाने म्हणाला. "नवीन मास्टर सिलिंडर टाकलाय. ॲडजस्टमेंट मी स्वतः केली, व्हिडिओ बघून."

"रेसिंग कसलं, रॉड ताणून बसवलायस. गाडी तापली की प्लेट घसरते. कल्याण-शीळ रोडच्या ट्रॅफिकमध्ये जळका वास येतो की नाही?"

तो म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं?"

"तो वास घेऊन गाडी सांभाळणार आहेस, की देतोस?"

ही चूक नवे हौशी नेहमी करतात. पेडलमागचा रॉड मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला ढकलतो. पाय काढल्यावर त्या दोघांमध्ये जराशी मोकळीक राहायला हवी. लोकांना वाटतं, मोकळीक म्हणजे ढिलाई. मग ते रॉड लांब करून पिस्टनला टेकवतात. पिस्टन पूर्ण मागे येत नाही, दाब आत कोंडून राहतो, आणि सगळं आतल्या आत जळत राहतं. ती चूक दाखवून मी भाव पाडला. किती ते विचारू नका. पण घरी येताना मुंब्र्याच्या बायपासला गाडी बाजूला घेऊन मी खूप रडले. माझीच वस्तू मला घासाघीस करून विकत घ्यावी लागली.

आता मुख्य गोष्ट.

सुट्टीचा दिवस, दुपार. गल्ली रिकामी, शेजारच्या वर्कशॉपांची शटर बंद. गाडी दुकानाच्या आत, पुढून जॅकवर घेऊन स्टँडवर ठेवलेली. सिलिंडरचं आतलं रबर खराब झालं होतं म्हणून तो काढला आणि माझ्या दुकानातला नवा बसवला. तसाच, कंपनीचा नव्हे तर बाहेरचा, मोठ्या बोअरचा, म्हणजे जाड पिस्टनचा. मग डॅशबोर्डखाली उताणी पडून रॉडचा लॉकनट सैल केला आणि रॉड फिरवत फिरवत मोकळीक आणली. बोटाने पेडल हललं पाहिजे, पण तेल हलता कामा नये. सुधीर असाच तासभर त्यात घालवायचा. मला तेव्हा चीड यायची.

राहिली एअर. दुसरं माणूस नव्हतं आणि मला नको होतं. एकट्याने करायची एक पद्धत असते. नटाला नळी लावायची, तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवायचं, नट जरासा उघडाच ठेवायचा आणि सीटवर बसून पेडल मारत राहायचं. नट उघडा असल्यामुळे पेडल प्रत्येक वेळी मुकाट्याने तळाला जातं. कडक होऊच शकत नाही. हे नीट लक्षात ठेवा.

मी नट उघडा ठेवला. सीटवर बसले. समोर उघडं बॉनेट. चार-सहा वेळा पेडल मारलं, तळाला गेलं.

मग मध्येच ते कडक झालं.

अर्ध्यावर थांबलं, जसं पलीकडून कोणी नट आवळल्यावर थांबतं. मला वाटलं कचरा अडकला असेल. पण तोंडातून सवयीने निघून गेलं, "धरलंय."

...आणि पेडल पायाखाली हळूच खाली बसलं.

एकदाच नाही. मी थोडं थांबले, पाय उचलला, पुन्हा मारलं. कडक. "धरलंय." पुन्हा खाली. तीच लय, तेवढाच वेळ. बाकीची माणसं नट झटकन सोडतात, पेडल धपकन पडतं. तो हळू सोडायचा. मी इतकी वर्षं त्याच्या हाताचा नट पायाने ओळखायचे.

आवाज नव्हता. वास नव्हता. थंडबिंड काही वाटलं नाही, उलट घामाने पाठ सीटला चिकटली होती. खिडकीतून डोकं काढलं असतं तर दिसलं असतं, कोण आहे ते. नाही काढलं. कोणी नसतं दिसलं तर?

मग मी बोलायला लागले. दिराचं सांगितलं. चादरीचं सांगितलं. म्हटलं, मला फोन आला असता तर मी रिक्षाने दहा मिनिटांत पोचले असते रे, तू वाट बघितलीस का? दुकान वाढवलंय ते सांगितलं. तुझ्या उशीचा अभ्रा अजून बदलला नाही, तेही सांगितलं. आणि प्रत्येक वाक्यानंतर पेडल खाली जात होतं.

पण धंदा माझा तेलाचाच. बॉनेटखाली वरच्या बाजूला तेल भरायची डबी असते, तिच्यात किती मावतं ते मला पाठ आहे. दर वेळी पेडल खाली जातं तेव्हा तेल बाहेर जातं, आणि डबी रिकामी झाली की वरून पुन्हा हवा शिरते, सगळी मेहनत पाण्यात. हवा तर केव्हाच निघून गेली होती, पेडल दगडासारखं झालेलं. काम संपलं होतं. थांबायला हवं होतं. नाहीतर उतरून डबी भरायला हवी होती. पण उतरले असते तर बॉनेटच्या पलीकडे जावं लागलं असतं.

"अजून एकदा," मी म्हटलं.

खाली बसलं.

"अजून एकदा. शेवटचं."

बसलं.

"सुधीर, फक्त एक. मग नाही मागणार."

नाही बसलं.

दोन्ही पायांनी दाबलं. ढिम्म. मला असा राग आला! ओरडलेच, "तुझं नेहमीचंच! माझं बोलणं अर्धं असतं आणि तुझं काम झालेलं असतं!" स्टीअरिंगवर मूठ आपटली. हॉर्न वाजला आणि मीच दचकले.

उतरले. पलीकडे कोणी नव्हतं. डबीत तेल कमीत कमीच्या, खालच्या रेषेला टेकलेलं होतं, एक थेंब कमी नाही. नळी जागच्या जागी. आणि मी उघडा ठेवलेला नट आवळलेला. इतका घट्ट की सोडवायला मला पान्यावर पाइप चढवावा लागला असता.

ओळखीच्या मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, घाण अडकली असेल, थ्रेडमध्ये." घाण अडकून पेडल कडक होईल, मान्य. नट कसा फिरेल? तो म्हणाला, मग तुम्हीच आवळला असेल, विसरलात. मी पार्ट मोजून देते आणि मोजून घेते, मी विसरत नाही. पण शपथेवर सांगू शकत नाही, एवढंच. कोणाकडे खरं कारण असेल तर लिहा. फक्त 'ताई, मनाचे खेळ असतात' असं लिहू नका. मन पेडलखाली नसतं.

गाडी आता मी चालवते. क्लच लोण्यासारखा आहे, गाडी तापली तरी घसरत नाही.

अजून एक गोष्ट, जी मी कोणाला सांगितलेली नाही. मागच्या महिन्यात, तशाच एका सुट्टीच्या दुपारी, मी दुकानाचं शटर आतून ओढलं, बॉनेट उघडलं आणि चांगल्या चाललेल्या क्लचचा तो नट पान्याला पाइप लावून सोडवला. मुद्दाम हवा आत जाऊ दिली. गिऱ्हाइकाने असं केलं असतं तर मी त्याला दुकानात उभं केलं नसतं. नळी लावली, सीटवर बसले, पेडल मारलं. म्हटलं, "धरलंय."

पेडल तळाला गेलं. पुन्हा मारलं, पुन्हा तळाला. डबी भरली, रिकामी झाली, पुन्हा भरली. बराच वेळ बसले होते.

मग उतरून एअर मी एकटीनेच काढली. नीट निघाली.