पिवळ्या पट्ट्यातली ऐरण

शहराचे नकाशे तेव्हा हातानं रंगवत. राहत्या वस्तीला पिवळा रंग, बाजाराला निळा, कारखान्यांना जांभळा, मैदानं-बागांना हिरवा. नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या एका लांबट खोलीत हे काम चाले. नकाशांच्या प्रती काढायचं यंत्रही तिथंच, त्यामुळे खोलीत कायम अमोनियाचा वास. नवा माणूस आत शिरला की त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं आणि जुनी माणसं गंभीर चेहऱ्यानं विचारायची, "घरी सगळं ठीक ना?"

त्या खोलीत बाई एकच. हुद्द्यानं ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवणारी, म्हणून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांची ट्रेसरबाई. तिचं खरं नाव पगारपत्रकाशिवाय कुणाला ठाऊक नसावं.

ट्रेसरबाई राहायची ठोकगल्लीत. हेही गल्लीचं कागदोपत्री नाव नव्हतं. पण दोन सुतार, एक कुलूपवाला, एक स्टोव्ह दुरुस्त करणारा आणि तिचे वडील असे सगळे सकाळी एकदम कामाला लागले की दुसरं नाव सुचायचंच नाही. वडिलांना गल्लीभर अण्णा म्हणत. अण्णांचं काम पत्र्याचं. बादल्या, नरसाळी, झाऱ्या, छपराच्या पन्हळी. घराची पुढची खोली हेच दुकान: मधोमध ऐरण, बाजूला कोळशाची शेगडी, भिंतीवर टांगलेल्या कातऱ्या. मागच्या दोन खोल्यांत संसार. लहानपणी ती अंथरुणात पडल्या पडल्या, डोळे न उघडता सांगायची, "आता बादलीचा तळ बसवतायत." तळ बसवताना ठोके हलके आणि जवळजवळ पडतात, पन्हळ वाकवताना लांब लांब. आणि आवाज मधेच थांबला की समजायचं, अण्णा डाख लावतायत, वितळलेलं कथील सांध्यावरून ओढून नेतायत. तेवढा वेळ घरातलं कुणी त्यांना हाक मारत नसे.

या गलक्यात राहून सगळ्यांनाच वरच्या पट्टीत बोलायची सवय लागलेली. अण्णांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, नवरा गेल्यापासून इथंच असायची. तिनं नुसतं मीठ मागितलं तरी पलीकडच्या गल्लीत वाटायचं, भांडण जुंपलं. ट्रेसरबाईलाही नोकरीच्या पहिल्या महिन्यात ऑफिसातल्या लोकांनी हात जोडून सांगितलं होतं, "बाई, आम्ही इथंच बसलोय."

गल्लीचा रस्ता मात्र कुणाचाच नव्हता. जुन्या नकाशात ठोकगल्लीला रंगच दिलेला नव्हता. वस्ती म्हणावी तर दारादारांत ऐरणी आणि करवती, कारखाना म्हणावा तर दोऱ्यांवर तान्ह्या मुलांची झबली वाळतायत. रस्त्यासाठी, गटारासाठी अर्ज केला की उत्तर यायचं: सदर गल्ली कोणत्याही विभागात मोडत नसल्याने खर्च कोणत्या सदराखाली टाकावा, हा प्रश्न प्रलंबित आहे. प्रलंबित म्हणता म्हणता गटार उघडंच राहिलं. मग अण्णा उरल्यासुरल्या पत्र्याची झाकणं करून त्यावर टाकायचे. दिव्याच्या खांबावरची वाकडी टोपीही अण्णांचीच. त्या झाकणांवर प्रत्येकाचं पाऊल वेगळं वाजायचं. दार वाजायच्या आधीच आत्या म्हणायची, "आला बघ उधारीवाला," आणि तोच असायचा.

मग नवा आराखडा आला. पालिकेच्या सभेत ठराव झाला की ठोकगल्ली निवासी विभागात घ्यावी. गल्ली निवासी झाली की फरसबंदी, बंदिस्त गटार, नवे दिवे हे सगळं हक्कानं येणार होतं. आणि शेगडी, ऐरण, करवत हे सगळं तितक्याच हक्कानं जाणार होतं, गावाबाहेर, शेवटच्या बसथांब्याच्याही पुढे, जांभळ्या पट्ट्यात.

रंग भरायचं काम ट्रेसरबाईकडे आलं. फळी जराशी तिरकी ठेवायची आणि ओल्या रंगाची कड ब्रशानं खाली खाली ओढत न्यायची. मधे थांबलं तर तिथंच रेघ वाळते आणि ती कायमची दिसते. तिनं सबंध गल्ली एका दमात भरली. आपलं घर ब्रशाखाली आलं तेव्हा मनात काय आलं, हे तिला पुढे कितीदा तरी आठवून पाहूनही आठवलं नाही. एवढंच आठवायचं, की रंग छान बसला होता.

नकाशा सभागृहाच्या भिंतीवर लोकांना बघायला लागला, त्या संध्याकाळी पानावर बसताना तिनं विषय काढला.

"अण्णा, आपली गल्ली निवासी होतेय."

"होऊ दे की," अण्णा म्हणाले. "राहतोच आपण इथं."

"आणि ऐरण कुठं राहील? माझ्या उशाशी?" आत्या कडाडली. "अरे, पोरगी काय सांगतेय ते नीट ऐक. दुकान उचलायला लावतील तुला. या वयात बसनं जाऊन पत्रा ठोकणारेस?"

"हरकत घेता येते," ट्रेसरबाई म्हणाली. "मुदतीच्या आत लेखी द्यायची. मग सुनावणी होते."

"मग दे लिहून," आत्या म्हणाली.

"आधी नकाशा बघतो," अण्णा म्हणाले. "न बघता कसली हरकत?"

गल्लीतला थोरला सुतार दुसऱ्या दिवशी अर्ज तयार करूनच आला. गल्ली सही करायला राजी होती, पण पहिली सही अण्णांची हवी, असा आग्रह. एक तर वयाचा मान. शिवाय अण्णा मागे राहिले तर आपण कशाला पुढे व्हायचं, हाही विचार. दोघं मिळून पालिकेत गेले. ट्रेसरबाई वरून उतरून आली तेव्हा अण्णा नकाशासमोर हात मागे बांधून उभे होते, नाक कागदाला टेकेल इतके जवळ.

"ही आपली गल्ली?"

"हो."

"आणि हे तू रंगवलंस?"

"हो, अण्णा."

ते पाहत राहिले. आधी समोरून, मग बाजूला सरकून, उजेड कागदावरून कसा जातो ते. मग शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "बघा हो जरा. कुठं जोड सापडतोय का बघा." तो बिचारा आपला प्लॉट शोधत होता. "माझ्या मुलीचं काम आहे."

"अण्णा, सही," सुतारानं अर्ज पुढे केला.

अण्णांनी मुलीकडे वळून विचारलं, "हरकत मान्य झाली तर याचं काय करतात गं?"

"तेवढा रंग ब्लेडनं खरवडतात. धुतात. मग दुसरा भरतात."

"डाग राहतो?"

खोटं बोलायचं तिला सुचलं नाही. "थोडा राहतो."

अण्णांनी अर्जाची नीट घडी घातली आणि सुताराच्या खिशात सरकवली. "असलं काम खरवडा, असं मी माझ्या तोंडानं सांगणार नाही."

"अहो, दुकान जाईल! तुमचं, माझं, सगळ्यांचं. कागदाचं काय एवढं? बाई दुसरा करतील."

"करेल की. मला माहितेय, करेल," अण्णा म्हणाले. "पण हा?"

घरी आत्यानं आकाशपाताळ एक केलं. "कवटाळून बस आता त्या नकाशाला! दुपारी भूक लागली की त्याचाच एक तुकडा तोंडात टाक." अण्णा ऐरणीवर मान खाली घालून नरसाळ्याची नळी वळवत राहिले. अण्णांची सही नाही म्हटल्यावर बाकीचेही थंडावले. काहींना तर मनातून फरसबंदी हवीच होती. धाकट्या सुताराची आई गटारात पडल्यापासून कंबर धरूनच चालायची. तिनं हरकत का घ्यावी?

ट्रेसरबाईला वडिलांचा राग आला होता आणि तो राग कुणाला सांगावा असा नव्हता. ज्या माणसाला आपला हात एवढा मोलाचा वाटला, त्याच्यावर चिडायचं तरी कुठल्या तोंडानं? मुदतीच्या शेवटच्या दिवशी तिनं स्वतःच्या नावानं हरकत लिहिली आणि ती साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. साहेब शांत माणूस, पण नियमाला पक्के. पालिकेच्या नोकरानं पालिकेविरुद्ध लिहून देणं त्यांना रुचणार नाही, हे तिला ठाऊक होतं. नोकरीवर गदा आली असती तर त्या घरात ठरलेल्या तारखेला येणारा पैसाच उरला नसता.

साहेबांनी कागद वाचला. "बाई, रंगवायचं तुम्हीच आणि हरकतही तुम्हीच घ्यायची?"

"रंग माझा आहे, साहेब. निर्णय सभेचा आहे. माझी हरकत निर्णयाला आहे."

"वडील काय म्हणतात?"

"ते म्हणतात, काम चांगलं झालंय."

साहेब हसले नाहीत. त्यांनी कागदावर आवकचा शिक्का मारून घेतला आणि म्हणाले, "सुनावणीला जरा हळू आवाजात बोला."

सुनावणी झाली. निकाल आला तो ना धड होकार, ना धड नकार. गल्ली निवासीच राहणार. मात्र जे धंदे आज चालू आहेत, ते त्या त्या माणसाला त्याच्या हयातीत चालवता येतील. विकता येणार नाहीत, पुढच्या पिढीला देता येणार नाहीत, आणि सलग वर्षभर बंद राहिले तर हक्क संपला. नकाशात बदल एवढाच, की ठोकगल्लीच्या पिवळ्यावर बारीक तिरप्या काळ्या रेघा माराव्यात. त्या तिनंच मारल्या.

"म्हणजे खालचा रंग तसाच?" अण्णांनी पहिल्यांदा हेच विचारलं. तिनं हो म्हटल्यावर ते शेगडी पेटवायला गेले.

मग फरसबंदी आली. ठेकेदाराच्या माणसांनी अण्णांची झाकणं गोळा करून ट्रकमध्ये फेकली, ती किती वाजली! पुढे एकदा नव्या गटारावरची फरशी डुगडुगायला लागली, तेव्हा अण्णा पत्र्याची पाचर घेऊन बसले. पालिकेचा मुकादम धावत आला. "अण्णा, हात लावू नका. आता हे आमचं काम."

"मग करा की," अण्णा म्हणाले. ती फरशी पुढे कितीतरी महिने डुगडुगत होती, आणि अण्णा तिच्यावरून मुद्दाम पाय देऊन जायचे.

गल्ली हळूहळू नीटनेटकी झाली. पावलांचे आवाज मात्र गेले. आता कोण आलंय, हे दार वाजल्यावरच कळायचं. कुलूपवाला मुलाकडे राहायला गेला, स्टोव्हवाल्याचे स्टोव्हच संपले. रिकाम्या जागांवर मजले चढले, आणि वर राहायला आलेल्या लोकांना सकाळी झोप हवी होती. त्यांच्या तक्रारीवरून पालिकेचा निरीक्षक अधूनमधून येई. जे चालू आहे ते चालू आहे ना, बंद असेल तर कधीपासून, हे तो बघून जाई.

अशात अण्णांनी अंथरूण धरलं. आधी छातीत कफ, मग पायांतलं बळच गेलं. एकेक ऋतू उलटत गेला आणि दुकान बंदच. सलग वर्षभर ही अट घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण ती सगळ्यांबरोबर जेवायला बसायची. एका सकाळी ट्रेसरबाई ऑफिसला निघाली तर पुढच्या खोलीतून ठोके ऐकू आले. उलटी बादली मांडीशी धरून आत्या तिला हातोडीनं बडवत होती. ताल नाही, सूर नाही, नुसता दणका.

"ताई, तळ फुटेल!" आतून अण्णांचा खोल गेलेला आवाज आला.

"मग ऊठ आणि दुरुस्त कर!"

त्यानंतर हे रोजचंच झालं. एकदा निरीक्षक ऐन वेळी दारात उभा राहिला.

"आजी, अण्णा कुठंयत?"

"आत आहेत. मी मदतीला बसलेय. दिसत नाही?"

"काय चाललंय?"

"बादली."

"ही तर उलटी आहे."

"उलटीच ठोकतात. तुमच्या साहेबांना विचारा, नसेल माहीत तर."

निरीक्षक थोडा वेळ त्या चेपलेल्या बादलीकडे आणि घामेजलेल्या म्हातारीकडे बघत राहिला. मग 'चालू' असं लिहून निघून गेला.

अण्णा उठले. काठी धरून का होईना, पुन्हा ऐरणीशी बसले. आत्यानं चेपवलेली बादली त्यांनी आधी सरळ केली. मग लोकांची किरकोळ कामं येऊ लागली. ट्रेसरबाईला वाटलं, जमलं.

आणि एक दिवस भर दुपारी अण्णा तिच्या ऑफिसच्या खोलीत आले. जिना चढून धाप लागलेली. अमोनियानं डोळे भरून आलेले. तिनं त्यांना स्टुलावर बसवलं.

"खाली खिडकीवर गेलो होतो," ते म्हणाले. "सांगितलं, मी दुकान बंद करतोय, लिहून घ्या. तो म्हणाला, बंद केल्याचं लिहून घ्यायची पद्धत नाही. वर्षभर उघडू नका, आपोआप संपेल." त्यांनी डोळे पुसले. "असं आपोआप कसं संपवायचं? कुणाला तरी सांगायला हवं ना? म्हणून तुला सांगायला आलो."

"का पण, अण्णा? आता तर सगळं सुरळीत..."

त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. बोटं थरथरत होती. "डाख सरळ जात नाही. मी दिलेली बादली गळली तर लोक मला काही म्हणायचे नाहीत. म्हातारा आहे म्हणून सोडून देतील. तेच नको."

तिनं अर्धी रजा टाकली. दोघं सावकाश चालत घरी आले. आत्याला कळलं तेव्हा तिनं हातातलं भांडं आपटलं.

"मग मी इतके दिवस बादल्या बडवल्या त्या कशाला? हाताला घट्टे पडले माझ्या!"

"म्हणून तर मला आज जाऊन सांगता आलं, ताई," अण्णा म्हणाले. "तू बडवली नसतीस तर त्यांनी येऊन मला सांगितलं असतं."

आत्यानं आपटलेलं भांडं उचललं आणि ती आत गेली. तिनं चहा टाकला, आणि तिघांनी तो पुढच्या खोलीत, विझलेल्या शेगडीभोवती बसून घेतला.