इन्स्टॉलरमधला ताईचा आवाज

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या घरात तशा गोष्टींना थाराच नाही... बाबांच्या वेळेपासून बुद्धवंदना आणि विज्ञान, एवढंच. आजही मी हे भुताचं म्हणून सांगत नाहीये. जे घडलं ते लिहितो.

मी सावली गावात, घरूनच सॉफ्टवेअरचं काम करतो. गडचिरोलीतल्या आशाताईंसाठी, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांसाठी, एका संस्थेचं ॲप आहे; ते फोनवर उतरवून बसवणारा इन्स्टॉलर माझ्याकडे होता. तक्रार एकच – ॲप उतरतच नाही. जंगलात नेटवर्क मध्येच जायचं आणि डाउनलोड पुन्हा शून्यापासून सुरू व्हायचं. वर सगळ्या सूचना इंग्रजीत.

माझी मोठी ताई धानोऱ्याकडे नर्स होती. सुट्टीत घरी आली तेव्हा तिने माझी स्क्रीन पाहिली आणि हसलीच.

"अबे, 'एक्स्ट्रॅक्टिंग' म्हणजे काय समजन बायायले? नेट गेलं त सांग ना, नेट गेलं म्हणून. भेव वाटते त्यायले, फोन बिघडला असन म्हणून."

"मग तूच सांग बोलून," मी म्हणालो.

पंखा बंद करून, स्वयंपाकघरात बसून तिने मोजकी वाक्यं रेकॉर्ड केली. 'नेट गेलं बाई, घाबरू नको. उतरलं तेवढं जाग्यावर हाय.' अशी. मी डाउनलोड थांबलं तिथूनच पुढे सुरू होईल असं केलं, नको ती बटणं काढून टाकली. चाचणीत बायकांना आवडलं.

त्याच पावसाळ्यात ताई गेली. मलेरिया मेंदूत चढला होता. मी रडलो नाही. आठवडाभराने लॅपटॉप उघडला आणि नवं व्हर्जन सोडलं. तिचा आवाज काढावा की ठेवावा, याचा विचारही केला नाही. काहीच वाटत नव्हतं तेव्हा.

हिवाळ्यात एका आशाताईचा फोन आला. नाव रैना, गाव धानोऱ्याच्या बरंच आत. ताईची बदली तिकडे कधीच झाली नव्हती, ही तिला ओळखतही नव्हती.

"भाऊ, तुमचा ॲप लय चांगला हाय," ती म्हणाली. "नाव घेऊन बोलते."

"नाव घेऊन?"

"हो ना. दुपारी बाळंतिणीच्या घरी गेली होती. ती आत झोपली होती, म्हणून मी अंगणात ॲप टाकून राह्यली होती. नेट गेलं. बाई बोलली, नेट गेलं, घाबरू नको. मंग थोडं थांबून म्हणे, रैना, फोन ठेव, आत जाऊन तिले पाह्य."

आत बाळंतीण रक्तात पडली होती. आवाज नाही, हालचाल नाही. रैनाने आरडाओरडा करून गाडी मिळवली. बाई वाचली, बाळही बरं आहे.

मी म्हणालो, "तुम्हाला भास झाला असेल."

"मलेच नाई, तिच्या सासूनंही आयकलं. आन् भाऊ... हे ती गोंडीत बोलली. सासूले मराठी येतेच कुठी?"

ताईला गोंडी येत होती, पेशंटांमुळे शिकली होती. पण आमचं सगळं रेकॉर्डिंग मराठीत. त्या इन्स्टॉलरमध्ये कोणाचं नाव घेण्याची सोयच नाही, तो नाव विचारतच नाही. रैनाचा फोन मागवून मी प्रत्येक फाइल ऐकली. मूळ रेकॉर्डिंगही ऐकलं... दोन वाक्यांच्या मधला भांड्यांचा आवाजसुद्धा. गोंडीतला एक शब्द नाही. दुसऱ्या कुठल्या ॲपचा आवाज असेल म्हणून तेही तपासलं. त्या वेळी फोनवर दुसरं काही चालू नव्हतं आणि नेट तर नव्हतंच.

रैनाने विचारलं होतं, "त्या बाई कोन व्हय? कुठी राह्यतेत?"

"माझी ताई आहे," एवढंच मी म्हणालो. 'होती' म्हणता आलं नाही.

पुढे संस्थेने कंपनीकडून नवा, स्वच्छ आवाज घ्यायचं सुचवलं. मी नाही म्हणालो, कारण विचारू नका म्हणालो. तो इन्स्टॉलर अजून चालू आहे. इतर कोणाला असं काही ऐकू आल्याचं मला कोणी सांगितलेलं नाही. उलगडा झालेला नाही, आता मी शोधतही नाही.

आईला मात्र सांगावं लागलं. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, हात थांबले नाहीत. खाली मान घालूनच म्हणाली,

"तिले हाक मारली. आपल्याले काऊन नाई मारली रे?"

मी तिच्या शेजारी बसलो आणि तांदूळ निवडायला लागलो.